उंबरठा, चौकट आणि आजीचं तेल

प्रिय मनू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर निघाले होते, म्हणून धड बोलता आलं नाही. तू विचारलंस, आपण ख्रिस्ती, मग उंबरठ्यावर बसलं की आजी का ओरडते? शेजारच्या काकू उंबरठ्याला हळदकुंकू वाहतात, त्यांचं समजतं. आणि नव्या खोलीच्या चौकटीवर आजीनं खोबरेल तेलाच्या बोटानं क्रूस काढला, त्यानं घर राखलं जातं का?

उंबरठ्याचं देवाधर्माशी कमी आणि गावाशी जास्त नातं आहे. जुन्या घरांचे उंबरठे चांगले उंच असायचे, पावसाचं पाणी आणि विंचूकाटा बाहेर राहावा म्हणून. दिवेलागणीला तिथं कुणी बसलं की येणारा-जाणारा धडपडणारच. हिंदू घरांत शिवाय नरसिंहाची कथा असते, त्यानं हिरण्यकश्यपूला उंबरठ्यावरच मारलं. आपल्या वाडवडिलांनी धर्म बदलला, पण घरं आणि शेजार तोच राहिला. सवयीही राहिल्या. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

बायबलातही एक उंबरठा आहे, पहिल्या शमुवेलाच्या 5व्या अध्यायात. इस्राएलाच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, इस्राएलाचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, लढाईत पळवला आणि अश्दोदला दागोन या आपल्या देवाच्या देवळात नेऊन ठेवला. सकाळी बघतात तर दागोन कोशापुढे पालथा. उचलून जागेवर ठेवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा पालथा, आणि या वेळी मुंडकं नि दोन्ही हात तुटून उंबरठ्यावर पडलेले. तेव्हापासून त्याचे पुजारी त्या उंबरठ्यावर पाय देईनासे झाले. आजीला ही गोष्ट सांगायची तर जपून सांग. पलिष्ट्यांच्या पंगतीत बसवलेलं तिला खपायचं नाही.

आता चौकट. वल्हांडणाच्या रात्री, म्हणजे मिसरात (इजिप्तमध्ये) खूण असलेल्या इस्राएली घरांवरून मृत्यू टळला त्या रात्री, काय झालं ते तुला संडे स्कूलमध्ये शिकवलंय. कोकराचं रक्त, ते लावायला एजोब या झुडपाची जुडी, दाराच्या दोन्ही बाह्या आणि वरची कपाळपट्टी. पण पुढची ओळ मुलं विसरतात: सकाळ होईपर्यंत कुणीही घराच्या दाराबाहेर जायचं नाही. म्हणजे खूण लावून भटकायला गेलं तर उपयोग नव्हता. पुढे इस्राएलाचा पुढारी मोशे यानं सांगितलं, देवाच्या आज्ञा दाराच्या बाह्यांवर लिहा. येता-जाता डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून.

दारापासून आत गेलं की निवासमंडप लागतो, वाळवंटातल्या प्रवासातलं इस्राएलाचं देवस्थान. तो तंबूच, उचलून न्यायचा. देव एका जागी बसून लोकांना बोलावत नव्हता, लोक जिकडे जातील तिकडे त्यांच्याबरोबर मुक्काम करत होता. राखण म्हणजे काय ते मला या तंबूतच सगळ्यात नीट दिसतं. सगळ्यात आतल्या भागात कोश, बाभळीच्या जातीच्या लाकडाचा, सोन्यानं मढवलेला. त्याच्या झाकणावर, म्हणजे दयासनावर, समोरासमोर दोन करूब, म्हणजे पंखवाले स्वर्गीय जीव, पंख पसरलेले. आजी रात्री 91वं स्तोत्र म्हणते, त्यात देव आपल्यावर पाखर घालतो असं येतं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते पंख येतात.

आणि तरीही नुसतं आत शिरून कुणी वाचत नाही. राजगादीवर हक्क सांगणाऱ्या अदोनीयानं जिवाच्या भीतीनं वेदीच्या कोपऱ्यांवरची शिंगं धरली, त्याचा भाऊ राजा शलमोन यानं त्याला घरी जाऊ दिलं. थोड्याच काळानं दाविद राजाचा सेनापती यवाब यानं तीच शिंगं धरली, आणि त्याला तिथंच मारलं. त्याच्या हातून दोन सेनापतींचे कपटानं खून झाले होते, आणि जाणूनबुजून खून करणाऱ्याला वेदीजवळूनही ओढून न्यावं असा नियमच होता. यिर्मया संदेष्टा तर यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहून ओरडला: ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ असं घोकू नका, परक्याला, पोरक्याला, विधवेला छळता आणि इथं येऊन म्हणता आम्ही सुखरूप! लोकांनी ऐकलं नाही. इ. स. पूर्व 586 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेनं ते मंदिर जाळलं.

म्हणून आजीचं तेल मला कुलपासारखं वाटत नाही. मोशेनंही मंडपाला आणि आतल्या सगळ्या सामानाला तेलाचा अभिषेक केला होता, हे सगळं आता देवाचं असं ठरवून. आजीनं तुझी खोली तशी देवाच्या हवाली केली. पप्पांनी नुकताच रंग दिलेल्या चौकटीवर तेलाचा डाग पडला म्हणून ते कुरकुरतात, त्यांना कुरकुरू दे. पुसू मात्र देऊ नकोस.

एक काम सांगते. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच होता. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तुझा हात अजून लहान आहे, तेव्हा आजीच्या हातानं मोजून ओट्यावर खडूनं लांबी-रुंदी आखा. रविवारी फोनवर सांग किती इंच भरले. शलमोनाच्या मंदिरापुढच्या याखीन आणि बवाज या खांबांचं तेव्हा सांगेन, ते तुझ्या शाळेच्या इमारतीशी ताडून बघू. प्रत्येकी 18 हात उंच होते.

तुझी,
आई