चरबीची पेशी आणि आपलं ताट

प्रश्न : आठ महिन्यांत अकरा किलो उतरवले, दिवाळीनंतर भराभर परत चढले. चरबी गेली होती ना?

उत्तर : चरबी गेली, तिची कोठारं राहिली. वजन उतरताना चरबीच्या पेशी आक्रसतात, संख्येने फारशा घटत नाहीत. मोठ्या माणसात वर्षाला साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि जवळपास तेवढ्याच नव्या तयार होतात, असं स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. त्यात आक्रसलेल्या पेशी लेप्टिन (चरबी पुरेशी असल्याचा निरोप मेंदूला देणारं संप्रेरक) कमी सोडतात, मेंदू त्याला उपासमार समजतो आणि भूक खवळते. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

प्रश्न : अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलने चरबी वितळते का?

उत्तर : नाही. त्यांचं काम मुक्त कण, म्हणजे पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, विझवण्याचं; वितळवण्याचं नाहीच. पेशीत गरजेपेक्षा जास्त साखर आणि स्निग्धाम्लं (चरबीचे घटक) येत राहिली की तिथे मुक्त कण वाढतात. फुगलेल्या पेशीला प्राणवायू अपुरा पडतो, भोवती मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि दाह सुरू होतो. मग ती इन्सुलिनला दाद देत नाही. इन्सुलिनला मदत करणारं ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक घटतं, स्निग्धाम्लं रक्तात सुटून लिव्हरमध्ये साचतात. हे मुक्त कण गोळीने विझवता येतील, ही कल्पना ऐकायला पटते. पण २००९ मध्ये जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व (दोन्ही अँटिऑक्सिडंटच) दिलं, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारायला हवं होतं, ते सुधारलंच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांत मात्र सुधारलं. व्यायामात तयार होणारे थोडे मुक्त कण शरीराला हवेच असतात. तुम्ही धूम्रपान करत असाल तर बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांपासून लांबच राहा. फिनलंडच्या १९९४ च्या अभ्यासात त्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला होता.

प्रश्न : मग आवळा, हळद, कोकम?

उत्तर : जरूर खा, पण जेवणाचा भाग म्हणून. आवळा मोरावळ्यात गेला की सोबत साखरही पोटात जाते, हे विसरू नका. मला जास्त काळजी वाटते ती कढईची. चकल्या तळून उरलेलं तेल काळपट, चिकट होतं, तापवताच फेसाळतं, आणि तेच आपण गाळून पुढे महिनाभर फोडणीला वापरतो. त्यातलं ई जीवनसत्त्व जळून गेलेलं असतं, तेलाचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं. शिवाय पंधरा मिलिलिटर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तळायला तेल बेताचंच घ्या म्हणजे उरणार नाही.

प्रश्न : माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२, म्हणजे बेताचा आहे. मला काय चिंता?

उत्तर : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे एक ब्रिटिश सहकारी यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि सहकाऱ्यांची ९.१! म्हणून काट्यावर विसंबू नका, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० च्या वर भरलं तर रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासून घ्या.