वाचकांचे प्रश्न : नॅरोगेज शाखामार्गाची प्रतिकृती

प्रश्न : नागपूर–नागभीड मार्गावरील एका लहान स्थानकाची प्रतिकृती घरी तयार करण्याचा विचार आहे. बाजारातले एचओ मापाचे रूळ वापरले तर चालेल का? (एक वाचक, नंदनवन, नागपूर)

उत्तर : नाही. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत हा मार्ग ७६२ मि.मी.चा, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर (गेज) असलेला नॅरोगेज होता. एचओचे प्रमाण १:८७, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या ८७व्या भागाएवढी. त्यात ७६२ मि.मी.चे ८.७६ मि.मी. होतात, आणि एचओचे नेहमीचे रूळ मात्र परदेशातील १४३५ मि.मी.च्या गेजसाठी १६.५ मि.मी. अंतराने बसवलेले असतात. त्यांच्यावर आपली छोटी गाडी ठेवली तर बाकीचे काम कितीही बारकाईने केले तरी पाहणाऱ्याला पहिल्याच नजरेत खटकेल. डबे आणि इमारती १:८७ मध्येच कराव्यात, पण रूळ एन मापाचे, म्हणजे ९ मि.मी. अंतराचे घ्यावेत, उरलेला पाव मिलिमीटर कोणाच्या लक्षात येत नाही.

तरीही हे तयार रूळ जसेच्या तसे अंथरू नयेत. ते १:१६० साठी केलेले असल्याने त्यांचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) आपल्या प्रमाणात फार दाट दिसतात. शिवाय त्यातला बारीक समजला जाणारा रूळही १.४ मि.मी. उंच असतो, म्हणजे १:८७ मध्ये तो खऱ्या १२२ मि.मी. उंचीच्या रुळाएवढा ठरतो, आणि एवढा जाड रूळ हलक्या शाखामार्गाला शोभत नाही. एक मि.मी. उंचीचा रूळ आणून, तांब्याचा पत्रा चढवलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्यांचे स्लीपर कापून, त्यावर रूळ डाख देऊन बसवावा. मात्र इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, म्हणून दोन्ही रुळांत शॉर्ट होऊ नये यासाठी प्रत्येक पट्टीवरचे तांबे मधोमध खरवडून तोडावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते इंजिनापेक्षा इथेच वेळ घालवावा. इंजिन-डब्यांची मापे नागपुरातील मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात परवानगी काढून घेता येतील.

खडी बेताने टाकावी, रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवाव्यात आणि फक्त माथा चकचकीत ठेवावा. जमिनीसाठी खरी काळी माती वाळवून, वस्त्रगाळ करून वापरता येते; मात्र आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे, कारण मातीतले लोहकण इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात.

प्रश्न : माझ्या प्रतिकृतीचे फोटो खेळण्यासारखे का दिसतात?

उत्तर : बहुधा आपण ते उभ्याने, वरून काढत असाल. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर असतात, म्हणजे १:८७ मध्ये जेमतेम १८ मि.मी.वर. एवढ्या खाली मोठा कॅमेरा नेता येत नाही. मोबाइल उलटा धरला तर त्याची लेन्स थेट रुळाजवळ जाते, आणि त्याचा सेन्सर लहान असल्याने जवळचे-दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येते. मोठा कॅमेराच वापरायचा असेल तर तो स्टँडवर पक्का करून, फोकस थोडा थोडा पुढे सरकवत अनेक फोटो घ्यावेत आणि संगणकावर एकत्र जोडावेत. लेन्सचे छिद्र अगदीच बारीक केले तर प्रकाशाच्या विवर्तनाने (कडेशी पसरण्याने) सगळेच चित्र मऊ पडते. दिवा एकच ठेवावा आणि तोही दूर. दोन दिव्यांमुळे एका खांबाच्या दोन सावल्या पडतात, आणि आकाशात सूर्य तर एकच असतो.

प्रश्न : उन्हाळ्यात रूळ वाकडे होतात. उपाय काय?

उत्तर : नागपुरात डिसेंबरची पहाट आणि मेमधली दुपार यांच्या तापमानात ३५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने निकेल-सिल्व्हरचा (प्रतिकृतीच्या रुळांसाठी वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूचा) एक मीटर रूळ अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. थंडीत काम करत असाल तर दर मीटरला तेवढी फट सोडावी. मे महिन्यात करत असाल तर जवळजवळ भिडवले तरी हरकत नाही. पावसाळ्यातील दमट हवेने प्लायवूडही हलते, म्हणून त्याच्या कडांना आणि खालच्या बाजूलाही वॉर्निश लावावे, आणि फटीपलीकडे वीज खात्रीने पोहोचावी यासाठी रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार डाखावी.