शेक्सपिअरच्या १२व्या सॉनेटमध्ये (चौदा ओळींची कविता) काळावर उपाय कोणता सांगितलाय? कविता माणसाला अमर करते, हाच ना?

नाही, इथे उपाय आहे मूल. शेवटच्या दोन ओळींत कवी ज्याला उद्देशून लिहितोय त्या देखण्या तरुणाला बजावतो की काळाच्या विळ्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. काळ न्यायला आला की त्याला तोंड देईल ती फक्त संतती. १६०९ साली छापलेल्या १५४ सॉनेटांपैकी पहिल्या १७ मध्ये मुख्य आग्रह हाच: लग्न कर, वंश वाढव. तुम्हाला आठवतंय ते 'कवितेत तू जगशील' १८व्यातलं. अर्थात सीमारेषा इतकी काटेकोर नाही. १५व्यातच कविता डोकावते आणि १७व्यात मूल व कविता दोन्ही येतात. पण खरं सांगू, उपायापेक्षा मधली चित्रं वाचा. काळ्या कुरळ्या केसांत चांदी, पानं झडलेली झाडं आणि सगळ्यांत जबरदस्त म्हणजे सुगी: उन्हाळ्यातलं हिरवं पीक पेंढ्या बांधून तिरडीवरून निघालंय, पांढरी राठ कुसळं म्हणजे जणू म्हाताऱ्याची दाढी. मूळ इंग्रजी शब्द 'बिअर' (bier, पिण्याची नव्हे!) पीक वाहायच्या चौकटीलाही चाले आणि तिरडीलाही.