डोक्याला लागलेला मुका मार आणि रविवारचा सामना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : १४ वर्षांच्या मुलाला कबड्डीच्या सरावात घोट्याची पकड करताना चढाई करणाऱ्याचा गुडघा कानशिलावर बसला. तो बेशुद्ध पडला नाही, सीटी स्कॅनही नॉर्मल आले, पण चौथ्या दिवशीही त्याचे डोके दुखते आहे. मग रविवारच्या सामन्यात त्याला संरक्षक टोपी घालून खेळवावे का?

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरात २६ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वतः एकदा मैदानावर दिले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एका शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात माझ्या संघातील साखळी धरलेल्या दोन मुलांची डोकी एकमेकांवर आपटली. एकाच्या भुवईवर खोक पडली, रक्त पाहून सगळे धावले आणि त्याला रिक्षात घालून सिव्हिलला नेऊन टाके घातले गेले. दुसऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. मी त्याच्या तोंडावर पाणी मारले, ग्लुकोज पाजले आणि मध्यंतरानंतर पुन्हा उतरवले. त्याने मला दोनदा विचारले, “सर, आपली बाजू कुठली?” बाजू नुकत्याच बदलल्या होत्या, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. तो सामना आम्ही जिंकलो. ज्याच्या भुवईला टाके पडले होते तो पंधरवड्यात सरावाला आला, पण हा दुसरा मुलगा दोन महिने वर्गात धड बसू शकला नाही. त्याचे घर पूर्व भागात होते आणि भिंतीला लागून कारखाना होता. यंत्रमागांच्या ज्या खडखडाटात तो लहानाचा मोठा झाला, तोच त्याला सहन होईना, तेव्हा आईने त्याला मामाकडे गावी नेऊन ठेवले.

अशा वरून न दिसणाऱ्या दुखापतीसाठी (इंग्रजीत ‘कन्कशन’) आपल्याकडचा ‘मुका मार’ हा शब्द नेमका आहे. कवटीला जोराचा हिसका बसला की आत मेंदू हलतो, त्यातील बारीक तंतू ताणले जातात आणि पेशींचे रासायनिक संतुलन काही काळ बिघडते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते, हा बिघाड सहसा दिसत नाही. म्हणून नॉर्मल स्कॅनचा अर्थ ‘रक्तस्राव नाही’ एवढाच घ्यावा, ‘मेंदूला काही झाले नाही’ असा घेऊ नये. शुद्ध हरपणेही आवश्यक नसते, बहुतेकांची ती हरपत नाही. डोकेदुखी, गरगरणे, उजेड व आवाज नकोसा होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, विनाकारण चिडचिड ही त्याची लक्षणे आहेत. (सोलापूरच्या उन्हाळी शिबिरांत यांपैकी निम्मी लक्षणे आम्ही उन्हाच्या नावावर खपवत आलो.)

टोपीविषयी स्पष्टच सांगतो. संरक्षक कवचामुळे खोक, हाड मोडणे टळते, आतल्या मेंदूचे हलणे मात्र त्याने थांबत नाही. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुष गटातून हेडगार्ड काढून टाकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविनाच लढले. तो निर्णय वादग्रस्त आहे, तरी कवच घातले की मेंदू सुरक्षित, हा समज तज्ज्ञांनी केव्हाच सोडला आहे, एवढे त्यातून कळते. कबड्डीत तर टणक टोपीने समोरच्यालाच इजा व्हायची.

खरी सुधारणा झाली ती निर्णय कोणी घ्यायचा या बाबतीत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा शालेय अमेरिकन फुटबॉलमध्ये (अंगावर धडकून खेळायचा तिकडचा खेळ) डोक्यावर पडला, थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा खेळला आणि सामना संपताच कोसळला. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच्या नावाने २००९ मध्ये झालेल्या कायद्यानुसार नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढावे लागते आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय तो परत येऊ शकत नाही. पुढे अशा प्रकारचे कायदे तेथील सर्व ५० राज्यांत झाले. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला असा मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू पूर्णपणे खेळू शकतो. २०२० मध्ये कॅनबेरा येथे जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, त्याच्या जागी आलेल्या चहलने तीन बळी घेतले आणि भारताला आयता फायदा मिळाल्याची कुरकूर झाली. मला ही तक्रार उलटी वाटते, कारण संघाचे नुकसान होत नसेल तरच कर्णधार जखमी खेळाडूला निमूटपणे बसवील.

आपल्या शालेय कबड्डीत राखीव खेळाडू आधीपासूनच असतात, म्हणजे ती अडचणही नाही. अडते ते आम्हा प्रशिक्षकांच्या मनात. मॅट आल्या, बूट आले, त्यामुळे खरचटणे कमी झाले. पण पायांना पकड मिळाल्याने वेग वाढला, आणि गुडघा मातीवर जेवढा कठीण होता तेवढाच मॅटवर आहे. मुलाला “खेळशील का?” असे विचारू नका, तो ‘हो’च म्हणणार.

सध्या त्याला एक-दोन दिवस खऱ्या अर्थाने आराम द्या, मोबाइल कमीत कमी, पण अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. नंतर हलके चालणे, मग पूर्ण शाळा. शाळा त्रासाविना जमू लागली की धावणे, धक्का नसलेला सराव आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच पकडीचा सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे यावे. ब्रिटनमधील २०२३ च्या हौशी खेळांच्या मार्गदर्शक सूचनांत मार लागल्यापासून सामन्यापर्यंत किमान २१ दिवस सांगितले आहेत, मी तोच आकडा धरतो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, हातापायांतील अशक्तपणा किंवा जागे करूनही न उठणारी झोप यांपैकी काही दिसले, तर रात्र असली तरी त्वरित रुग्णालय गाठा.

रविवारी डोके दुखत नसेल तर त्याला संघाबरोबर जरूर न्या, गुणलेखकाशेजारी बसवा. शिट्ट्या आणि आरोळ्यांनी डोके धरले तर मध्यंतरालाच घरी आणा.