भाताचं बियाणं साध्या पाण्याऐवजी मिठाच्या पाण्यात का टाकतात?

तुम्ही विचारलंय की पोचट दाणे साध्या पाण्यातही वर येतात, मग मिठाचा खटाटोप कशाला? मी पुण्यात राहतो, पण आमची भातशेती मुळशीत आहे आणि पेरणीआधी हे काम घरी दरवर्षी होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

दाणा बुडणार की तरंगणार हे नुसत्या वजनावर ठरत नाही, घनतेवर ठरतं. तो जितकी जागा व्यापतो, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर त्याला खालून वर ढकलतो. दाणा त्या पाण्याहून जड असेल तर तळाशी जातो, हलका असेल तर वर येतो. भातातल्या स्टार्चची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट असते. पण तुसाच्या आत दाणा नीट भरलेला नसला की उरलेल्या जागेत हवा राहते आणि अख्ख्या दाण्याची घनता उतरते.

पूर्ण पळिंजाची, म्हणजे आत काहीच न भरलेल्या पोकळ दाण्यांची, काळजी नसते, ते सुपात पाखडतानाच उडून जातं. फसवतो तो अर्धवट भरलेला दाणा. समजा त्याची घनता १.०१ आहे. साध्या पाण्याची १.००, म्हणून तो बुडतो आणि चांगल्या बियाण्यात मिसळतो. रोपाला पानं फुटेपर्यंत दाण्यातल्या साठ्यावरच जगायचं असतं, त्यामुळे असं बी उगवलं तरी रोप लेचंपेचंच निघतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवलं की पाण्याची घनता १.०२ च्या आसपास जाते, कारण वजन वाढतं पण आकारमान त्या मानाने फारसं वाढत नाही. आता तोच दाणा वर येतो. आपल्याकडे कृषी खातं हेच ३ टक्क्यांचं प्रमाण सांगतं.

जपानमध्ये योकोइ तोकियोशी यांनी १८८२ साली मिठाच्या पाण्याने बी निवडायची पद्धत मांडली. तिथे साध्या भातासाठी १.१३ घनतेचं पाणी करतात, म्हणजे १० लिटरला दोन किलोच्या वर मीठ! ही चाळणी फारच कडक आहे. आपण ३ टक्केच धरावं, नाहीतर चालण्यासारखं बियाणंही वर येऊन फुकट जाईल.

बियाणं ओतल्याबरोबर वरचे दाणे काढायची घाई मात्र करू नका. तुसावर बारीक लव असते, तिच्यात हवा अडकते आणि भरलेला दाणाही तिच्या जोरावर तरंगतो. हाताने चांगलं ढवळा. दाण्याला चिकटलेले चंदेरी बुडबुडे सुटतात आणि दाणा सरळ खाली जातो. पाणी निवळल्यावर वरचं गाळणीने काढा. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवाच, मीठ राहिलं तर उगवण मार खाते. मग सावलीत २४ तास वाळवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर त्यानंतर.