सोलापूरहून एका दिवसासाठी मुंबईला जाऊन जुन्या इमारती बघायच्या आहेत. गेटवे आणि ताज सोडून काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीला आहे, तिला आर्किटेक्चरला जायचंय, शनिवारी सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं उतरून रात्रीच्या सिद्धेश्वरनंच परतायचं आहे, आणि नेटवर जिथं बघावं तिथं त्याच पाच जागा. मी आर्किटेक्ट नाही. अशोक चौकाच्या मागं आमचे चार यंत्रमाग आहेत. टॉवेल-चादरीचे नमुने घेऊन बावीस वर्षं महिन्यातून दोनदा मूळजी जेठा मार्केटला जातोय. गाडी सातच्या आतबाहेर पोचवते आणि बाजारातल्या पेढ्या अकराशिवाय हलत नाहीत. मधले चार तास करायचं काय? सुरुवातीची दोन वर्षं वेटिंग रूममध्ये बॅग उशाला घेऊन पेंगलो. नंतर चालायला लागलो. त्यामुळे मी सांगणार ती पायी फिरणाऱ्याची आणि कापडवाल्याची मुंबई आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण सोलापूरकर सीएसएमटीत उतरतो, पण सीएसएमटी बघत नाही. लांबच्या गाड्या जिथं लागतात तिथून माणूस सरळ टॅक्सीच्या बाजूला बाहेर पडतो. मूळ इमारत राहते लोकलच्या अंगाला. मी स्वतः कितीतरी वर्षं असाच बाजूनं सटकत होतो. तेव्हा उतरल्यावर लोकलच्या प्लॅटफॉर्मकडं या, तिथल्या जुन्या तिकीट हॉलमध्ये मान वर करून उभे राहा, आणि मग रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूनं मागं वळून बघा. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्टेशनचं काम १८७८ साली सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. महापालिका १८९३ची.

मुलीला सांगा, घुमट सगळेच बघतात, तू खालच्या बाजूची नक्षी बघ. दगडात माकडं आहेत, मोर आहेत, पानांच्या आड लपलेले प्राणी आहेत. हे काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं, म्हणजे तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या पोरांचं. फाटकाच्या खांबांवर एकीकडं सिंह, एकीकडं वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतीवर जे चेहरे कोरलेत त्यात नाना शंकरशेटही आहेत. आणि घड्याळाच्या खाली एक कोनाडा रिकामा दिसेल. तिथं राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता.

आता माझ्या धंद्याची सवय. कुठलीही मोठी इमारत बघितली की मी मनात पहिल्यांदा विचारतो, पैसा कुठून आला बे? फोर्टातल्या निम्म्या इमारतींना हा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येतं, कापूस.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण याचा एक धागा आपल्या स्टेशनापर्यंत येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मग त्यांनी हिंदुस्थानचा कापूस वाटेल त्या भावानं उचलला. नेमकी त्याच्या आदल्या वर्षी, १८६०ला, रेल्वे सोलापूरपर्यंत आली होती. मधला बोरघाट तेवढा राहिला होता, तो १८६३ला पुरा झाला. म्हणजे अमेरिकेत लढाई ऐन भरात असताना इकडं घाटावरून मुंबई बंदरापर्यंत रूळ सलग झाले. गासड्या उतरत राहिल्या आणि मुंबईत सोनं वाहायला लागलं. चार वर्षं लोकांनी नुसते शेअर काढले, त्यातले बरेच समुद्रात भराव घालून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे. १८६५ला लढाई थांबली, भाव कोसळला आणि भलेभले एका हंगामात रस्त्यावर आले.

बोरघाट सुरू झाला तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते बार्टल फ्रिअर. जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडायला लावली तीही त्यांनीच. जागा मोकळी झाली, हातात पैसा होता, म्हणून आज दिसतं ते मुंबई फोर्ट उभं राहिलं. गंमत बघा, आपल्याकडं भुईकोट किल्ला तटासकट उभा आहे, त्यांच्याकडं नुसतं ‘फोर्ट’ हे नाव उरलंय. चर्चगेटलाही गेट कुठं आहे?

तर चालायला लागा. दादाभाई नौरोजी रोडनं जा, इमारतींच्या खालून कमानींचा झाकलेला रस्ता आहे, पावसातही छत्री उघडावी लागत नाही. पुढं फ्लोरा फाउंटन, १८६४चं, म्हणजे ऐन तेजीतलं. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. पोरीला इथं जरा थांबवा. हुतात्मा चौक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आपले चार हुतात्मे येतात, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले. नाव एकच, लढे दोन वेगळे. माझा मुलगा लहानपणी दोन्हींची गल्लत करायचा.

तिथून डावीकडं वळलात की हॉर्निमन सर्कल. गोलाकार बाग, भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती आणि समोर टाउन हॉलच्या तीस पायऱ्या. टाउन हॉल १८३३चा, सगळ्यांत थोरला. आज ही जागा इतकी टापटीप आहे की खोटं वाटेल, पण १८४४च्या आधी इथं उघड्यावर कापसाच्या गासड्यांची थप्पी लागायची. बाजार नंतर कुलाब्याला हलवला. याच भागातल्या वडाच्या झाडांखाली दलाल जमायचे आणि त्यांच्यातूनच पुढं १८७५ला शेअर बाजार झाला. मला ही जागा सगळ्यांत आवडते. एकदा अशीच कमानीखाली बॅग ठेवून दशमी-चटणी सोडली, तर एका इमारतीच्या पहारेकऱ्यानं उठवलं. उठवताना मात्र शेंगाचटणीचा वास घेऊन विचारलं, ‘सोलापूर?’ तो अक्कलकोटचा निघाला. पुढची दहा मिनिटं त्याच्याच खुर्चीवर बसून जेवलो.

मग उलटं पश्चिमेला, ओव्हल मैदानात. एकच जागा बघायला वेळ असेल तर ही बघा. मैदानाच्या मध्यावर उभं राहून पूर्वेकडं तोंड केलं की हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं टोकदार, दगडी, १८७०च्या दशकातलं. पाठ फिरवली की पश्चिमेला ओळीनं गुळगुळीत सिमेंटच्या इमारती, गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, जहाजाच्या कठड्यासारखी रेलिंगं. त्या १९३०च्या दशकातल्या, आर्ट डेको म्हणतात ते. मधे फक्त एक मैदान आणि साठ वर्षं. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. सीएसएमटीला आधीच, २००४ला मिळालं होतं. पश्चिमेची ती ओळ ज्या जमिनीवर आहे ती पुढं समुद्रात भराव घालून झाली. राजाबाई टॉवर बांधला तेव्हा समुद्र बराच जवळ होता.

राजाबाई टॉवरचा पैसा प्रेमचंद रायचंदचा. कापसाच्या तेजीतला सगळ्यांत मोठा खेळाडू हाच. आईच्या नावानं मनोरा बांधायला त्यानं पैसे दिले. पुढं तो स्वतः मंदीत बुडाला, मनोरा मात्र १८७८ला पुरा झाला. नकाशे काढणारा गिल्बर्ट स्कॉट लंडनात बसून काम करत होता, मुंबईला आलाच नाही. सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि त्या सूर्यास्ताआधी जेवायच्या, म्हणून घड्याळाच्या ठोक्यांची सोय. खरंखोटं देव जाणे, पण आमच्या बाजारातले गुजराती व्यापारी हे सांगताना अजून हळवे होतात.

गेटवे तुम्ही वगळलंच आहे, चांगलं केलंत. तिथं सुंदर काही असेल तर तो समुद्र.

दहाच्या सुमाराला धोबी तलावाला या. इराण्याकडं बसा, कयानी १९०४पासून आहे. बन मस्का चहात बुडवून खायचा. आपल्या कडक भाकरीची सवय असलेल्या माणसाला ते बाळाचं खाणं वाटेल, पण संगमरवरी टेबल आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मुलीला बघू द्या. घाई करू नका, तिथं कुणी उठवत नाही.

पुढं काळबादेवी रोडनं मूळजी जेठा. आत गल्ल्यांमागून गल्ल्या, दोन्हीकडं पांढऱ्या गाद्या घातलेल्या पेढ्या, तागे उलगडणारे पोरगे, आणि डोक्यावर गाठोडं घेऊन ‘बाजू, बाजू’ करत घुसणारे हमाल. आर्किटेक्चर शिकायचं असेल तर एवढ्या अरुंद जागेतून एवढा माल कसा हलतो हेही बघायला हवं असं मला वाटतं. शनिवारी चालू असतं, रविवारी शुकशुकाट.

तिथून गिरगावाकडं चाला. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणपती बसतो, मुंबईतला पहिला. (आमचा आजोबा गणपती १८८५चा, हे तिथं बोलू नका, वाद होतो.) चाळ म्हणजे काय हे लांबून कळत नाही. माझे मोठे काका डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचे, एकशेसाठ चौरस फुटांची एक खोली, नऊ माणसं, झोपायला गॅलरी. गिरणीत ते साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ला संप झाला आणि वर्षभरानं ते ट्रंक घेऊन सोलापूरला परत आले, ते कायमचेच. ज्या मोरारजी गोकुळदासांनी परळला गिरणी काढली त्यांनीच सोलापूरची जुनी गिरणी काढलेली. त्यामुळं काका म्हणायचे, मालक तोच, भोंगा तोच, फक्त समुद्र नाही.

गिरगावातल्या अशाच एका चाळीत मी मागं जिना बघायला शिरलो होतो. लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठडा हातांच्या तेलानं काळा कुळकुळीत. दुसऱ्या मजल्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

‘कोणाकडं?’

‘कुणाकडं नाही आजी, जुनी इमारत बघायला आलोय.’

‘बघायला काय आहे हिच्यात? वर छप्पर गळतंय ते बघा.’

मी ओशाळून परतणार, तेवढ्यात कठड्यावर वाळत घातलेली चादर दिसली. विटकी, लाल-काळी, मधे मोर. माझा हात आपोआप काठाकडं गेला. उलट बाजूनं वीण बघितली, दुहेरी, जकार्डवरची, जुन्या घट्ट वाणाची, आता असं सूत कुणी वापरत नाही. आजी बघतच राहिल्या. मी सांगितलं, आमच्याकडची आहे. ‘अगं बाई, सोलापूरचे होय? वीस वर्षं झाली, मेली फाटत नाही,’ म्हणाल्या आणि आत जाऊन गूळ-पाणी घेऊन आल्या. मग स्वतःच मला वर नेऊन गळकं छप्पर दाखवलं. तुळई कुठं वाकलीय, पत्रा कुणी टाकला, घरमालक काय म्हणतो, सगळं. त्या अर्ध्या तासात जुन्या इमारतींबद्दल जेवढं कळलं तेवढं मला फोर्टात कधी कळलं नाही. मात्र तुम्ही जाल तेव्हा फोटो विचारून काढा, ती लोकांची घरं आहेत.

वेळ उरला तर वाळकेश्वरचं बाणगंगा तळं. चारी बाजूंनी पायऱ्या, काठाला देवळं, दीपमाळा, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडं. सिद्धेश्वर तलावाच्या काठी वाढलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. संध्याकाळी परत येताना क्रॉफर्ड मार्केट लागेल, १८६९चं. दरवाज्यावरचं कोरीवकाम लॉकवुड किपलिंगचं आहे, दगडात शेतकरी आणि धान्य. रस्ता ओलांडायच्या गडबडीत ते राहून जातं, म्हणून आठवण केली.

चपला जुन्या घाला, पाण्याची बाटली ठेवा, परतीचं तिकीट आत्ताच काढा कारण शनिवारची सिद्धेश्वर भरलेली असते. आणि मूळजी जेठात चादरीचा भाव विचारू नका. तीच चादर आपल्या सोलापुरात चाटी गल्लीत कमीत मिळते, ओळख सांगितलीत तर अजून थोडी कमीत.