पोषण सर्व्हेच्या नोकरीला मुलीला पाठवावं का?

सप्रेम नमस्कार,

तुमचं कारंजाहून आलेलं पत्र मिळालं. लेक गृहविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली, तेही पहिल्या वर्गात. एम.एस्सी.ला प्रवेश घ्यावा की अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेची तयारी करावी हे ठरत नव्हतं, तेवढ्यात एका संस्थेनं तिला पोषण सर्व्हेसाठी फिल्ड इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती आणि मापं घेणारी, म्हणून बोलावलं. काम चार महिन्यांचं, करारावर, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या गावांत. तिला जायचंय. तुम्ही लिहिता, ‘‘लोकांच्या दारात जाऊन काल काय जेवलात विचारायला हिला शिकवलं का?’’ शिवाय मेळघाटात मुलगी एकटी राहणार, हा घोर आहेच.

माझं मत आधीच सांगते. काम घेऊ द्या, पण संस्थेला काही प्रश्न विचारून. ते प्रश्न पुढे येतील.

महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, हा आकडा तुम्ही पेपरात वाचला असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (2019-21) तो आकडा. या सर्वेक्षणाची सूत्रं मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतात, पण राज्यातल्या 31 हजारांहून जास्त घरांचे उंबरे ओलांडले ते तुमच्या लेकीसारख्या, करारावर घेतलेल्या मुला-मुलींनी. 2012 साली आपल्या राज्यापुरतं एक वेगळं पोषण सर्वेक्षण झालं होतं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण 2005-06 च्या 39 टक्क्यांवरून बरंच खाली आल्याचं त्यात दिसलं आणि राज्याच्या पोषण मिशनची चर्चा देशभर झाली. ते मोजमापही असंच घरोघरी जाऊन झालं होतं. तेव्हा दारोदार फिरणं हे हलकं काम, हे आधी मनातून काढा.

काम नेमकं काय असतं, ते सांगते. दोन वर्षांखालच्या बाळाची उंची उभं करून घेत नाहीत, त्याला लाकडी फळ्यावर आडवं निजवून लांबी घेतात. त्याला दोन माणसं लागतात. एकीनं बाळाचं डोकं वरच्या पाटीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पाटी तळव्यांना भिडवायची. टोपडं काढायचं, केसांतला चाप काढायचा. बाळ टाहो फोडत असतं, आई कावरीबावरी होते, आजी म्हणते ‘‘पुरे झालं.’’ त्या गोंधळात मिलिमीटरपर्यंत वाचायचं. एक वर्षाच्या मुलीची लांबी 68.9 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार ती खुजी धरतात. गुडघा जरासा वाकलेला राहिला आणि एक सेंटिमीटर कमी लागलं, की धडधाकट मूल कागदावर खुजं होतं. हात बसलेली मुलगी आणि हात न बसलेली मुलगी यांत फरक पडतो तो इथे.

दंडाच्या घेराची पट्टीही तशीच. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर तीव्र कुपोषण. पट्टी ओढून आवळली तरी चूक, सैल सोडली तरी चूक. वय काढणं त्याहून अवघड. लसीकरणाचं कार्ड सापडलं तर ठीक, नाहीतर पोळ्याच्या आधी झालं की नंतर, होळीला किती महिन्यांचं होतं, असं विचारत विचारत महिना गाठायचा.

आणि ते ‘काल काय जेवलात’. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘‘काल भाजी खाल्ली का?’’ असं विचारलं की बाई हो म्हणते, पाहुण्यापुढे नाही कोण म्हणेल? म्हणून काल उठल्यापासून सुरुवात करायची आणि ‘‘मग? त्यानंतर?’’ एवढंच म्हणत रात्रीपर्यंत यायचं. वरण किती घट्ट होतं, वाटी केवढी होती, पोरानं ताटात किती टाकलं. शेतात जाता-येता तोंडात टाकलेली बोरं कुणी आपणहून सांगत नाही. अंगणवाडी ताई शेजारी उभ्या असतील तर पोषण आहार मिळतो का या प्रश्नाचं उत्तर ठरलेलंच असतं. त्यांना न दुखावता जरा बाजूला कसं पाठवायचं, हेही शिकावं लागतं. तीन वर्षं पुस्तकात पोषणशास्त्र शिकलेल्या मुलीला हे वर्गात कुणी शिकवत नाही.

आता संस्थेला विचारायचे प्रश्न. पहिला: प्रशिक्षण किती दिवसांचं? मी तरी संस्थेची पारख यावरूनच करते. चांगल्या सर्व्हेत वजन-उंचीचा सराव वेगळा असतो. एकाच मुलाला प्रत्येकीनं दोनदा मोजायचं, स्वतःचीच दोन मापं जुळतात का आणि प्रशिक्षकाशी जुळतात का ते तपासायचं, आणि ज्यांची जुळत नाहीत त्यांना मोजमापाचं काम द्यायचं नाही. मग एखाद्या गावात प्रत्यक्ष सराव. दोन दिवस हॉलमध्ये बसवून टॅब हातात देणार असतील, तर त्या नोकरीत शिकण्यासारखं काही नाही. सरळ नको म्हणा.

दुसरा: पैसे महिन्याचे की फॉर्ममागे? फॉर्ममागे असतील तर माझा सल्ला नकाराचाच. जितके फॉर्म तितके पैसे म्हटलं की झाडाखाली बसून फॉर्म भरायचा मोह होतो, आणि मोह झाला नाही तरी सुपरवायझरचा रेटा येतो. ते लपतही नाही. टॅबमध्ये जागा आणि वेळ दोन्ही नोंदले जातात. सगळ्या वजनांचा शेवटचा आकडा शून्य नाहीतर पाचच येऊ लागला, की ती अंदाजानं लिहिली आहेत हे कार्यालयात बसलेल्या माणसाला लगेच कळतं. मेळघाटात घरंही हवी तेव्हा सापडत नाहीत. सुगीनंतर बरीच माणसं कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात. घराला कुलूप आहे म्हणून शेजारचं घर घेता येत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. हा सगळा वेळ फॉर्ममागच्या हिशेबात फुकट जातो.

तुमच्या मुख्य काळजीकडे येते. अशा कामात मुलगी सहसा एकटी नसते. मोठ्या सर्वेक्षणांत एक टीम असते: सुपरवायझर, तीन-चार मुलाखतकार, मोजमाप आणि रक्ततपासणी करणारे दोघं, गाडी आणि ड्रायव्हर. बायकांच्या मुलाखती बायकाच घेतात, त्यामुळे टीममध्ये मुली असतातच. तरीही मुक्काम कुठे, अंधार पडायच्या आत परतायचा नियम आहे का, रेंज नसलेल्या गावात निरोप कसा द्यायचा, अपघात विमा आहे का, तक्रार करायला अंतर्गत समिती आहे का, हे सगळं विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. मुलीनंच विचारलं तर आणखी चांगलं. आणि कुणी नोंदणी फी किंवा अनामत मागितली, किंवा मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या, तर तिथून उठून या.

भाषेचंही विचारा. धारणी-चिखलदऱ्यात घराघरांत कोरकू बोलतात. टीममध्ये कोरकू बोलणारी कुणी आहे का, की गावातल्याच कुणाला दुभाषी म्हणून धरणार? भरती करणारे पदवीला भुलतात. त्या भागातली बारावी झालेली कोरकू मुलगी काही कामांत आपल्या पदवीधर मुलींपेक्षा सरस ठरते, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या लेकीला अशी जोडीदारीण मिळाली तर तिनं तिला नुसती दुभाषी समजू नये.

निवडीच्या वेळी बहुधा सरावाची, लुटुपुटूची मुलाखत घ्यायला लावतील. समोरची बाई मुद्दाम म्हणेल, ‘‘हे सांगितलं तर घरकुल मिळेल का?’’ उत्तर ‘नाही’ असंच द्यायचं, गोड शब्दांत. भाग घ्यायचा नसेल तर नाही म्हणता येतं, हेही आधीच सांगायचं. वचनं देणारी उमेदवार तिथेच बाद होते.

पुढचं काय? नुसता सर्व्हे एके सर्व्हे करत राहिली तर मात्र अडकेल. एक फेरी संपली की दुसरी येते, करार तीन-चार महिन्यांचे, आणि तिशी कधी आली कळत नाही. म्हणून एक फेरी, फार तर दोन. त्यानंतर एम.एस्सी. केली तर प्रबंधाला विषय शोधत बसावं लागणार नाही. आकड्यांत रस वाटू लागला तर देवनारच्या त्याच संस्थेत लोकसंख्या अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पर्यवेक्षिकेची जाहिरात निघाली तर गृहविज्ञानाची पदवी चालते, फक्त अर्जाची शेवटची तारीख फिल्डच्या गडबडीत निसटते. तेवढं लक्ष घरून तुम्ही ठेवा. एम.एस्सी.चा प्रवेश यंदाच घ्यायचा असेल आणि तारखा एकमेकींवर येत असतील, तर सर्व्हे सोडावा. असे सर्व्हे पुन्हा निघतात, प्रवेशाचं वर्ष वाया जातं.

शेवटचं एक. प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार धरलाय का आणि काम संपल्यावर अनुभवाचं प्रमाणपत्र मिळणार का, या दोन गोष्टी नेमणुकीच्या पत्रात बहुतेक नसतात. फोनवर न विचारता तिला ई-मेल करायला सांगा, म्हणजे उत्तर लेखी राहील. ते आल्यावर काही अडलं तर मला जरूर कळवा.